उलट खोचलेली पेंढी

मुंगी परत आली तेव्हा तिची आई गुडघाभर पाण्यात उभी राहून पाटाच्या दारातला गाळ उपसत होती. नवरा खाणीत गेला तो गेलाच, तेव्हापासून वस्त्यांना पाळीपाळीने पाणी सोडण्याचं काम तिच्याकडे आलं होतं आणि सारं खोरं तिला पाटकरीण म्हणायचं. तिने वर पाहिलं. बांधावर एक उंच मुलगी उभी होती, केस कापलेले, अंगावर खाणीतलं राखी पोतं.

"आई," ती म्हणाली.

पाटकरीण पाण्यातून बाहेर आली, पण फावडं तिने खाली ठेवलं नाही.

दूधदात पडायच्या वयात नेलेली पोर. कानामागचा तीळ तोच, कपाळावरचा वणही तोच. पण तीळ आणि वण यांना आता कुणी विचारत नव्हतं. ज्यांनी खोरं बळकावलं होतं त्यांना स्वतःचा चेहरा नव्हता. ज्या माणसाला बराच काळ निरखायचे त्याचा चेहरा ते घेत, तीळ-वणांसकट. म्हणून लोक त्यांना उसने म्हणत. घरोघरी एकेक उसना कोपऱ्यात बसून असायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. हवं त्याला ते खाणीत राबायला न्यायचे. गेल्या सुगीला ते खिंडीपलीकडे हटले, पण सगळेच हटले का, हे कोण सांगणार? वरच्या वस्तीत खाणीतून परतलेला गिरणीवाला महिनाभर बायकोच्या हातचं जेवला. मग त्याला खिंडीत नेऊन सोडला, तेव्हा तिथल्या गारठ्यात त्याचा चेहरा ओल्या मातीसारखा ओघळला. खिंडीचा गारठा असा की खरं माणूसही तिथे सकाळ पाहत नाही. म्हणून आधी परीक्षा, मग खिंड.

परीक्षा पेंढीची होती. उसने यायच्या आधीच, ते येत असल्याची बातमी आली त्या दिवशी, सुईणबाईंनी साऱ्या मोठ्या माणसांना पाटावर बोलावून शपथ घातली होती. खोऱ्यात पेंढी बांधताना काडांचा पीळ घालून त्याचं टोक खालून वर खोचतात. उसन्यांच्या नजरेसमोर मात्र सगळ्यांनी वरून खाली खोचायचं. रोज, न चुकता. उसना पाहून शिकतो, तर त्याला चुकीचंच दिसू दे. पुढे कधी ओळख पटवायची वेळ आली तर हीच खूण. परतलेल्या कुणाला ती सांगायची नाही, मग ते पोटचं लेकरू का असेना. पाटकरणीनेही पाण्याला हात लावून शपथ घेतली होती, आणि पाण्याची शपथ तिच्यासाठी तोंडदेखली नव्हती. रोज दार उघडण्याआधी ती ओंजळीत पाणी धरायची आणि खाणीत गेलेल्यांची नावं मनात घ्यायची, ताप असो की पाऊस असो. नेम म्हणजे नेम.

परीक्षा उद्यावर ठरली. तोवर सुताराचा पहारा दाराबाहेर. तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त जिभेला हाड नव्हतं.

"पाटकरीणबाई, लेक आली म्हणायची की पाहुणी?"

"लेक आली, सुतारदादा."

"आली तर आनंदच आहे. पण फावडं घेऊनच जेवायला बसलीस का?"

तेव्हा कुठे तिला कळलं की फावडं अजून हातातच आहे.

मुंगीला तिने गरम दूध दिलं, कणसं भाजून दिली. पोर कोपऱ्यात जाऊन बसली. चुलीच्या डाव्या हाताचा तो कोपरा. सगळं घर मोकळं पडलेलं आणि ही नेमकी तिथेच, जिथे त्यांच्या घरचा उसना बसायचा.

"तिथे का बसलीस गं?"

"इथून दार दिसतं."

खाणीत राहिलेल्या पोरीला दार दिसायला हवं असणारच. पाटकरणीने मनाची समजूत घातली. मग तिने कपाळावर आलेली बट कानामागे सारली, आणि क्षणभराने मुंगीनेही हात वर नेला, नसलेली बट कानामागे सारली. पोरी आयांचं पाहूनच शिकतात. उसनेही पाहूनच शिकतात.

"बाबा कसे होते आठवतं?"

"हात आठवतात. तोंड नाही आठवत." मुंगी कणसाचे दाणे एकेक करून सोलत होती. "आई, उद्या काय करायला लावणार आहेत मला?"

"पेंढी बांधायला."

"एवढंच? मला येते की."

पाटकरणीची नजर दाराकडे गेली. दाराशी गुरांसाठी आणलेल्या पेंढ्याचा भारा पडला होता. मूठभर काडं घ्यायची, पीळ घालायचा, खालून वर. डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं असतं. न सांगता ही पोर उद्या चुकली, तर ती खिंडीत जाणार. आणि सांगितलं, आणि ही मुंगी नसली, तर खोऱ्याची एकुलती एक खूण उद्याच खिंडीपलीकडे पोचणार. मग वरच्या वस्तीत, खालच्या वस्तीत, कुणाच्याही घरात, कुणाच्याही पंगतीला...

ती उठली आणि अख्खा भारा उचलून गोठ्यात टाकून आली. परत आली तर मुंगी तिच्याकडेच बघत होती.

"काडं का नेलीस?"

"गुरं उपाशी आहेत."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. शब्द जिभेवर राखेसारखे लागले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सगळी वस्ती खळ्यावर जमली. सुईणबाई पालथ्या टोपलीवर बसल्या होत्या. अर्धी वस्ती त्यांच्या हातांनी जगात आली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी फार ताठत नसे. सुतार लांब काठी घेऊन उभा होता. त्याचा थोरला मुलगा ढब्बू बाकीच्या पोरांबरोबर गंजीवर चढून बसला होता.

"बांध गं बाळा," सुईणबाई म्हणाल्या. "घाई नको."

मुंगी मांडी घालून बसली. काडं जुळवली, बुडं आपटून सारखी केली, पीळ घातला. हात सराईत होते. पाटकरणीने डोळे मिटून घेतले आणि ओंजळीतल्या पाण्याचं तेवढं ध्यान केलं. डोळे उघडले तेव्हा पेंढी बांधून झाली होती. टोक वरून खाली खोचलेलं होतं.

लोक मागे सरले, आणि पोरीभोवती एक मोकळं रिंगण पडलं. सुताराने काठी आडवी धरली.

"चल," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "खिंडीपर्यंत मी आहे बरोबर."

मुंगीने मान वर केली. तिला काही उमगलं नव्हतं. शाबासकीची वाट पाहणाऱ्या लेकरासारखी ती आईकडे बघत होती.

"बरोबर आहे ना, आई? तूच शिकवलीस. शेतात, मांडीवर घेऊन."

पाटकरणीला ते शेत दिसलं. मांडीवर मुंगी, तिच्या चिमुकल्या हातांवर आपले हात, आणि बांधावर उभा राहून निरखणारा उसना. त्याला दिसावं म्हणून तिने टोक वरून खाली खोचलं होतं. पोरीचे हात धरून खोचलं होतं.

"थांबा, सुतारदादा."

"पाटकरीणबाई, काळजावर दगड ठेव. खूण म्हणजे खूण."

"तुमच्या ढब्बूला खाली बोलवा."

"त्याचं काय इथे? तो वस्ती सोडून कधी कुठे गेला नाही."

"म्हणूनच बोलवा."

सुईणबाईंनी मान हलवली तसा ढब्बू उतरला. गर्दीसमोर यायला मिळाल्याने खूश होता. "बघा आता, गाठ कशी बसते ते," म्हणत त्याने झटक्यात पेंढी बांधली आणि उंच धरून दाखवली.

टोक वरून खाली होतं.

मग पाटकरीण बोलली, नेहमीसारखंच हळू. "शपथ आपण मोठ्यांनी घेतली होती. पोरं बोलून जातील म्हणून त्यांना सांगितलंच नाही. मग कुणाच्या लेकराला आपण खरी पेंढी शिकवली? माझ्या की तुमच्या?"

एका बाईने आपल्या मुलीला गंजीवरून ओढून काडं दिली. तिनेही तशीच बांधली. पुढचं कुणी बघायला धजलं नाही.

"मग ही कोण आहे, ते कसं कळायचं?" सुताराने विचारलं.

"नाही कळायचं," सुईणबाई म्हणाल्या. त्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या होत्या. "मोठ्यांचं कळेल. पोरांचं नाही."

सुताराने काठी खाली ठेवली. ढब्बू पेंढी घेऊन त्याला बिलगायला गेला, तेव्हा सुताराने त्याला जवळ घेतलं, पण आधी अर्धं पाऊल मागे सरकून. ते अर्धं पाऊल सगळ्यांनी पाहिलं. ढब्बूनेही पाहिलं.

"घरी न्या आपापल्या लेकरांना," सुईणबाई म्हणाल्या. "आणि खरी पेंढी शिकवा. आता लपवून काय उपयोग?"

पाटकरीण मुंगीला घेऊन पाटावर गेली. गोठ्यातली काडं तिने आणली होती. दोघी काठावर बसल्या.

"मी चुकले का, आई?"

"नाही. मी शिकवलं तसंच केलंस." तिने मागून हात घालून पोरीचे हात धरले. पूर्वी ते हात मुठीत मावायचे, आता तिच्या हातांएवढे झाले होते, आणि गार होते. पाट जवळ होता म्हणून गार असतील. "आता टोक खालून घे. हां. वर खोच."

मुंगीने खोचलं. मग पेंढीवर तळव्याने हलकेच थोपटलं, थांबली, पुन्हा थोपटलं. निजवताना पाटकरीण तिला अशीच थोपटायची, मध्ये थांबत.

हे पोरीला आठवत असेल. नाहीतर कोपऱ्यात बसून कुणीतरी तेही पाहिलं असेल, रोज, चुलीच्या डाव्या बाजूने.

तिने हात काढून घेतले नाहीत.

"अजून एक बांध," ती म्हणाली. पाण्यात दोघींचे चेहरे एकमेकांशेजारी हलत होते, आणि तिने तिकडे बघायचं टाळलं.