फुकटचं लिनक्स

फुकट मिळालेल्या वस्तूला गहिनीनाथ सहसा हात लावत नसे. घोडेगावच्या बाजारात उभी हयात गुरांचा व्यापार केलेला माणूस. शिंगं घासून म्हातारा बैल तरणा करणारे आणि दूध तुंबवून आटत आलेली गाय दुभती दाखवणारे त्याने इतके पाहिले होते, की देवळातला प्रसादसुद्धा तो आधी हुंगायचा आणि मग तोंडात टाकायचा. त्यामुळे राहुरीच्या सॅम्युएलने जुना लॅपटॉप विकताना त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"फुकाट कोन देतंय?" त्याने लेकीला विचारलं.

"अप्पा, ते सगळ्यांनाच फुकट असतं," दिशा म्हणाली.

सगळ्यांनाच फुकट, हे तर त्याला आणखीच वाईट वाटलं.

दिशा राहुरीच्या विद्यापीठात शिकत होती. गाईच्या नाकाचा फोटो बघून ती कोणाची गाय हे कॉम्प्युटरने ओळखावं, असलं काहीतरी तिचं काम. त्यासाठी लॅपटॉपात ग्राफिक्स कार्ड लागतं. ते असलं तर काम एका रात्रीत होतं, नसलं तर आठवडे लागतात. सोमवारी सरांसमोर चालवून दाखवायचं होतं, नाहीतर वर्ष वाया. आणि नेमकं कार्डच चालत नव्हतं.

"म्हंजी कार्ड न्हाईच त्यात?"

"आहे अप्पा. त्याचं नाव दिसतंय. पण काम करत नाही."

गहिनीनाथला एवढं पुरे झालं. गाय दावणीला दिसते, पण कासेत थेंब नाही, ही चाल त्याला काय नवी? सॅम्युएलने आतलं कार्ड काढून विकलं आणि नुसतं नाव मागे ठेवलं. पोरगा चर्चमध्ये पेटी वाजवतो, दिशाला ताई म्हणतो, कधी आवाज चढवत नाही. इतकं गोड बोलणाऱ्याची गाय आपण दोनदा धार काढून बघतो, आणि लॅपटॉप मात्र डोळे झाकून घेतला!

शनिवारी सकाळी दिशाने कार्ड चालवायचं सॉफ्टवेअर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात ते, घातलं. त्याने मध्येच एक नवा पासवर्ड ठरवायला सांगितला, तोही तिने घाईघाईत दिला. मग लॅपटॉप रीस्टार्टला लावून ती आंघोळीला गेली. गहिनीनाथ शेजारी चहा पीत बसला होता. एकाएकी पडदा निळाशार झाला, इंग्रजी अक्षरं उमटली आणि खाली आकडे उलटे मोजले जाऊ लागले. दहा, नऊ, आठ.

घाई करतो तो लबाड, हे बाजारात शेंबड्या पोरालाही कळतं. 'दुसरं गिऱ्हाईक उभंय, लवकर बोला' म्हणणाऱ्याकडून गहिनीनाथने आजवर शेळीसुद्धा घेतली नव्हती. त्याने एक बटण दाबलं. आकडे थांबले, चार ओळी आल्या. सगळ्यात वरच्या ओळीतलं 'कंटिन्यू' त्याला मोबाईलमुळे ठाऊक होतं. ते दाबताच निळा पडदा पळाला. सॅम्युएलनेच आत काहीतरी पेरून ठेवलंय, याबद्दल आता त्याची खात्री पटली.

पण लेकीला तो एक शब्द बोलला नाही. जनावराची खोड आपल्याला दिसली तरी चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, सौदा मोडायच्या वेळीच बाहेर काढायची, ही त्याची रीत. कार्ड तसंच बंद राहिलं, म्हणून दुपारी दिशाने सगळं पुन्हा केलं आणि फोन आला म्हणून अंगणात गेली. निळा पडदा पुन्हा आला, गहिनीनाथने पुन्हा हाकलला. संध्याकाळी पोरगी डोळे पुसत बसली. त्याचाही राग त्याने सॅम्युएलच्याच नावावर टाकला.

रविवारी चर्च सुटल्यावर सॅम्युएलने खास ह्या बापलेकीसाठी दुकान उघडलं. उघडं दिसलं म्हणून दोन गिऱ्हाइकंही आली. गहिनीनाथला साक्षीदार हवेच होते.

"आमचं कार्ड कुठं विकलंस?"

सॅम्युएलने मुकाट्याने स्क्रू काढून आतला भाग दाखवला. "हे बघा अप्पा. हे बोर्डालाच जोडलेलं असतं, काढून विकता येत न्हाई."

"आमाला काय कळतंय? तू कायबी दाखवशील. चोर हायेस तू!"

एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला आणलेला आपला मोबाईल काउंटरवरून उचलला आणि तो पायरी उतरून गेला. सॅम्युएलचा चेहरा पडला. दिशाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने खाली मान घालून ड्रायव्हर पुन्हा घातला, रीस्टार्ट केलं. पडदा निळा झाला.

"ह्योच त्यो!" गहिनीनाथ आनंदाने ओरडला. "काल दोनदा आल्ता. दोन्ही टायमाला म्याच हाकलला! आता सापडला का न्हाई?"

सॅम्युएलने एक बटण दाबलं, दुसरी ओळ निवडली आणि लॅपटॉप दिशाकडे वळवला. "ताई, तुमी ठरवलेला पासवर्ड हितं टाकायचा असतो." तिने टाकला. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि कार्ड चालू लागलं.

"हितं होकार दिल्याबिगर मशीन नवा ड्रायव्हर आत घेत न्हाई, अप्पा," सॅम्युएल म्हणाला. "ते बी तुमच्यासारखंच. कुनावर इस्वास ठेवत न्हाई."

गहिनीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस खोटा नव्हता. उरलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "चुकलं माझं, सॅम्युएल. तू चोर न्हाईस."

सॅम्युएलने मान हलवली. दिशा मात्र बापाकडे बघतच राहिली.

"अप्पा, मला काल का नाही सांगितलं?"

"तू लगीच ह्याला फोन केला असता."

"म्हणजे मीसुद्धा सौद्यातली समोरचीच पार्टी?"

गहिनीनाथ बाहेर गेला, मोटरसायकल चालू केली आणि मागे वळून बघितलं. दिशा पायरीवरच उभी होती, पिशवी छातीशी धरून.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी यष्टीनं येते."

घोडेगावची यष्टी संध्याकाळशिवाय नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं.