द्वारका सर्कलवरचं गाणं

रुद्रने टेप थांबवली आणि हेडफोन मानेवर ओढले. "गाणं जबरदस्त आहे," तो म्हणाला, "पण हे रेकॉर्डिंग आहे की ट्रॅफिक पोलिसांकडे केलेली तक्रार?"

महेश कानकोंडा झाला. मृण्मयी हसलीसुद्धा नाही.

पुण्याच्या एका संगीत महोत्सवाने नव्या बँडकडून गाणी मागवली होती आणि निवडणाऱ्यांना या दोघांचं गाणं आवडलं होतं. अट एकच, आवाज स्वच्छ करून पाठवा. रुद्र कॉलेजातला मित्र, त्यामुळे गंगापूर रोडवरचा त्याचा कोरा करकरीत स्टुडिओ फुकटात मिळाला होता. इतकं सगळं आयतं पदरात पडत असताना तोंड वाकडं करून बसलेली मृण्मयी एकटीच होती.

बँड म्हणजे हे दोघंच. ती गिटार वाजवायची आणि गायची. महेश ड्रम बडवायचा. तो ओझरजवळच्या खेड्यातला, अंबडला पत्र्याच्या कारखान्यात कामाला. त्यांची सरावाची खोली द्वारका सर्कलजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनवर होती. तिथे आवाजाची तक्रार करायला कोणी नव्हतं, कारण ट्रकांच्या गोंगाटात तिथे माणसाला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. रेकॉर्डिंगला मृण्मयीच्या वडिलांचा, चिंतामणगुरुजींचा जुना टेपरेकॉर्डर होता. पंचवटीतल्या शिष्यांसाठी ते त्यावर सूक्तं म्हणून ठेवायचे. हा टेपरेकॉर्डर खुर्चीवर ठेवायचा. ड्रम जास्त वाटला तर खुर्ची मृण्मयीकडे सरकवायची, गळा जास्त वाटला तर महेशकडे. झालं यांचं मिक्सिंग.

आणि गाणं? ते त्याच सर्कलवर सुचलं होतं. लाल सिग्नलला मृण्मयीची स्कूटर उभी होती. मागच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून फर्मावलं, "ए, सरक बाजूला." घरात सरक, ऑफिसात सरक, आता रस्त्यावरही सरक! ती सिग्नल हिरवा होईपर्यंत जागची हलली नाही. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला होता. घरी येईपर्यंत ओळ तयार होती: नाही सरकणार.

रुद्रने आधी त्या टेपमधलेच ट्रक काढून पाहिले. ट्रक गेले, आणि मागे उरली रिकाम्या खोलीत एकटीच किंचाळणारी बाई. मृण्मयीने ते तिथल्या तिथे बंद करायला लावलं. मग नव्याने रेकॉर्ड करायचं ठरलं. रुद्रने गिटारला ट्यूनर लावला आणि भुवया उंचावल्या. "तुमचं सगळंच जरा चढं आहे. कशावर लावता तुम्ही सूर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गोडाऊनसमोर फकिरा ड्रायव्हरचा ट्रक मागे यायला लागला की त्याची टिंगटिंग धून वाजायची. सुरुवातीला यांच्याकडे ट्यूनर नव्हता. मृण्मयीने त्या धुनेच्या पहिल्या सुरावर तार लावली आणि पुढे तीच सवय पडली. ते ऐकून रुद्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"ट्रकच्या हॉर्नवर गिटार लावणारी तू भारतात एकटीच असशील!"

"दुसरी कोणी सापडली तर सांग," मृण्मयी म्हणाली. "बँडमध्ये घेऊ."

पण तारा उतरवाव्या लागल्याच. महेशला काचेच्या खोलीत बसवलं आणि कानात तालाची टिकटिक सोडली. मृण्मयी दुसऱ्या खोलीत, चारी बाजूंनी गाद्या लावलेल्या. तिथे आवंढा गिळला तरी ऐकू येत होता. 'नाही सरकणार,' ती गायली. सुरात होतं, तालात होतं आणि साफ खोटं होतं. इथे तिला सरकवायला होतंच कोण?

"रुद्र, जरा गोंगाट कर ना," ती म्हणाली. त्याला ती थट्टा वाटली.

तयार झालेलं गाणं लग्नाच्या अल्बममध्ये गोरी करून टाकलेल्या नवरीसारखं होतं. आपलीच पोरगी, पण ओळखू येईना. महेश मात्र हरखला होता.

"आईला ऐकवलं," तो म्हणाला. "म्हणली, आत्ता कळलं तुम्ही काय म्हणता ते. मला लय बरं वाटलं गं. त्या टेपची मला लाज वाटते. भाऊ विचारतो, रेडिओ बिघडलाय का."

मृण्मयीला हे लागलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. महेशच्या आईला, सविताकाकूंना, शब्द कळले, याचा रागही धरता येईना. गाणं जितकं तिचं तितकंच महेशचं होतं.

"दोन्ही आपल्या खोलीवर लावू," ती म्हणाली. "तू म्हणशील ते पाठवू." बोलून गेली आणि लगेच पस्तावली.

शनिवारी संध्याकाळी द्वारका ऐन रंगात आली होती. खिडक्या सताड उघड्या. महेशने स्टुडिओतलं गाणं स्पीकरवर लावलं. पहिलं कडवं संपायच्या आत द्वारकेने ते गिळून टाकलं. त्याने आवाज पूर्ण वाढवला, तरी भांडणात सापडलेल्या सभ्य पाहुण्यासारखं ते कोपऱ्यात पुटपुटत राहिलं. मग मृण्मयीने टेप लावली. फाटलेला ड्रम, चिरकलेला गळा, आणि बाहेरच्या गोंगाटाच्या छाताडावर पाय देऊन गाणं उभं राहिलं. खाली गोणी उतरवणाऱ्या एका हमालाने मान वर करून पाहिलं.

एका जागी महेशची काठी निसटली होती आणि तो दुप्पट जोराने परत आला होता. तिथे त्याने मान खाली घातली.

"इथं मी चुकलोय."

"हो."

"स्टुडिओत नाय चुकलो. तिथं चुकायचीच भीती वाटत होती." त्याने टेप मागे नेऊन तीच जागा पुन्हा ऐकली. मग म्हणाला, "हीच पाठव."

सोमवारी दोघं खोलीवर असताना पुण्याहून फोन आला. मृण्मयीने स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस अगदी अदबीने बोलत होता. "मॅडम, तुमच्याकडून चुकून जुनीच फाईल आली वाटतं."

"चुकून नाही."

"मग अवघड आहे. स्वच्छ फाईल आजच्या आज मिळाली तर तुमची जागा पक्की. नाहीतर ती दुसऱ्या बँडला द्यावी लागेल."

मृण्मयीने महेशकडे पाहिलं. त्याने गेल्याच आठवड्यात आईला महोत्सवाच्या स्टेजचे फोटो दाखवले होते. अजून वेळ होता. तो एक शब्द बोलला असता तर तिने मुकाट्याने स्टुडिओतलं गाणं पाठवलं असतं, आणि जन्मभर स्वतःवर चिडत राहिली असती.

महेशने तिच्या हातातून फोन घेतला. "सर, मी ड्रमर बोलतोय. द्या जागा दुसऱ्याला. आमचं गाणं असंच हाय."

"अहो, निदान तो ट्रकचा आवाज तरी थोडा कमी करा."

"तो आमच्या हातात नाय, सर," महेश म्हणाला. "आम्ही आमचा वाढवतो."