पाच चाळीसची पहाट

मी एक बायोडेटा बोलतोय, लग्नाचा. पेडगावच्या शिवकन्याचा.

परभणीत, दत्ताच्या झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. दैवशालाबाई, म्हणजे शिवकन्याची आई, सांगत गेल्या आणि दत्ता टाईप करत गेला.

"काकू, मामाचं गाव बी टाकू का?"

"टाक की. लोकं आधी मामाच इचारतेत."

कागद होतो तोवर मला वाचणारा समोर दिसायचा. मग भावकीच्या ग्रुपवर माझा फोटो गेला आणि कोण वाचतंय ते कळेनासं झालं. फोन मात्र येऊ लागले. कधी साडीवाला, कधी मंगल कार्यालयवाला.

"पाहुण्यांचा पत्ता न्हाई, अन् मंडपवाला तारीख मागायलाय," शिवकन्या म्हणाली. मला हसू आलं नाही. माझ्यावरचं कोण काय उचलतंय, याचीच मला धास्ती होती.

एके दुपारी एका महाराजांचा फोन आला. "तुमची लेक पहाटे पाच चाळीसला जन्मली. मामा पालमचे. लग्न कुठं अडलंय, ते मला दिसतंय."

दैवशालाबाईंनी फोनसमोरच हात जोडले. "बघ गं, न सांगता सगळं वळखलं."

"शांतीची नोंदणी करतो. आता मोबाईलवर आकडा येईल, तो सांगा."

आकडा आला.

"आई, सांगू नको. त्यो ओटीपी हाय, खात्यातले पैसे जातेत."

"गप. मामाचं गाव त्यांला कुणी सांगितलं?"

शिवकन्याने मला आईपुढे धरलं. "ह्यानं."

दैवशालाबाईंचं बोट माझ्यावरून फिरत जन्मवेळेवर थांबलं. "महाराज, पाच चाळीस नक्की का?"

"पत्रिकेत स्पष्ट दिसतंय."

दैवशालाबाईंनी फोन कापला. मग लेकीकडे वळल्या.

"तू भर दुपारची हायेस. खऱ्या वेळेला मंगळ निघतो, म्हणून म्याच दत्ताला पहाट सांगितली."

"म्हंजी मला मंगळ हाय, अन् मलाच ठाऊक न्हाई?"

दैवशालाबाईंनी खरी वेळ सांगितली. शिवकन्याने पेन घेतलं, माझ्यावरची वेळ खोडून खरी लिहिली आणि फोन नंबरवर काट मारली.

"असं लिवल्यावर कोण येईल?" आईने हळूच विचारलं.

"जो येईल त्याला खरं ठाऊक असंल."

हा कागद दुरुस्त झाला. पण किती फोनांत मी अजून जुनाच आहे, कोण जाणे. आत्ताच कुणीतरी मला उघडलं. पाहुणा आहे की आणखी कुणी, मला समजत नाही. तुमच्या फोनमध्ये आलो असेन, तर पुढे पाठवू नका. मला पुसून टाका.