बारा फांद्यांचा हिमकण

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावरून हिमाचे ढग आले की आइली मागच्या शेडमध्ये जाऊन बसे. तिथे शेगडी नव्हती, मुद्दामच ठेवलेली नव्हती. काळ्या मखमलीवर पडलेला कण झाडूच्या काडीने उचलायचा, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर ठेवायचा, दिवा हवा तसा वळवायचा आणि श्वास रोखून कॅमेऱ्याची कळ दाबायची. उशीर झाला की काचेवर थेंब उरे.

मागच्या नाताळात तिचा एक हिमकण परराज्यातल्या कुठल्याशा कंपनीच्या कॅलेंडरवर छापून आला. तिला कुणी विचारलं नव्हतं. वकील म्हणाला, “फोटो तुमचाच, पण कॉपीराइटची नोंदणी केल्याशिवाय कोर्टाचं दार बंद.” या हिवाळ्याचे न छापलेले फोटो तरी एकत्र नोंदवावेत, असं तिला वाटत होतं. पण अर्जातल्या ‘कर्ता’ या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहायला हात धजेना. कुठल्या थंडीत, किती बाष्पात कुठली फांदी फुटते हे ती शिकली होती. त्या फुटण्यात तिचा वाटा काहीच नव्हता.

“पोरं आभाळाची,” शेजारचे वाइनोकाका म्हणाले होते, “आणि बापाच्या जागी तुझं नाव?”

“चोराने लावलंच ना, काका.”

“तो चोरच. तू तरी जरा लाज.”

शनिवारी दुपारी मखमलीवर नेहमीच्या सहाऐवजी बारा फांद्यांचा कण पडला. जन्मतःच एकमेकांना चिकटलेले दोन कण, एकाच्या फांद्यांमध्ये दुसऱ्याच्या फांद्या. असा तिने फक्त पुस्तकात पाहिला होता. दोन फोटो घेतले आणि तिने दार ढकलून हाक मारली. काका नुकतेच सौनाच्या, वाफेच्या खोलीतून निघून अंगणात गार होत उभे होते. तसेच पंचा गुंडाळून, पायात बूट अडकवून आत आले. अंगातून वाफ निघत होती.

ते सूक्ष्मदर्शकावर वाकले.

“बाई गं,” ते पुटपुटले.

तेवढ्या श्वासाने फांद्या झुकल्या आणि कण विरघळला.

“हे काय झालं?”

“सौना सोबत घेऊन आलात, काका.”

“आता असा दुसरा?”

“हा नाही. हा कधीच नाही.”

काका बाकावर टेकले. आइलीने त्यांना कॅमेऱ्यात पहिला फोटो दाखवला. त्यात दिवा समोरून होता आणि धुरकट पांढऱ्या ठिपक्यापलीकडे काही दिसत नव्हतं. मग दुसरा. दिवा तिने खाली, एका कडेला नेला होता. बाराही फांद्या एका बाजूने निळ्या, दुसऱ्या बाजूने सोनेरी, आणि प्रत्येकीवर आणखी बारीक फांद्या.

“दोन्ही एकाचेच?”

“एकाचेच.”

काकांनी पुन्हा पहिला पाहिला, पुन्हा दुसरा. या वेळी श्वास त्यांनी आपण होऊन रोखला होता.

“लिही तुझं नाव,” शेवटी ते म्हणाले. “आभाळाची काही तक्रार असली तर मी ऐकून घेईन. तसंही तिकडे आधी मीच जाणार.”

आइलीने संध्याकाळीच नोंदणी करायचं ठरवलं आणि त्यांना पोचवायला बाहेर आली. काका पायरीवर थबकले, मान वर करून बघत राहिले. त्यांच्या ओल्या भुवयांवर हिमकण उतरत होते आणि कुणी पाहण्याआधीच एकेक विरघळत होते.