माठातलं पाणी गार होत नाही

दिलीपमामाला त्या नदीत मीच पाठवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी म्हणायला नको.

नदी म्हणजे नावापुरतीच. राजस्थानातल्या खारडी गावाबाहेर वाळूचा एक रुंद पट्टा, बारा वर्षांत त्यात पाणी आलेलं नाही. मामा तिथल्या जिप्समच्या खाणीत सर्व्हेअर होता आणि निवृत्त झाल्यावरही पुण्याला परतला नाही. मी सिंगापूरच्या एका विद्यापीठात वाळवंटातल्या उन्हाळी ढगांवर संशोधन करते. मामा आयताच तिथे होता, म्हणून आमचं हवामान केंद्र खारडीला बसवलं. तेही नदीच्या ऐन पात्रात, कारण मला सगळ्यात तापलेली वाळू हवी होती. "गार्गी, नदीच्या पोटात काही उभं करू नये गं," मामा म्हणाला होता. मी हसले होते.

वाळवंटात ढग कसा होतो ते मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, आर्याला, एकदा पोळ्या करता करता सांगितलं होतं. तवा तापला की त्याच्यावरची हवा तापून वर उठते. वर जाता जाता निवते, आणि तिच्यात ओल असेल तर तिचा ढग होतो. वाळवंटात तवा जबरदस्त, पण ओल नाही, म्हणून आकाश कोरडं. ओल कुठून तरी शिरली, तर मात्र तोच तवा ढगाला असा वर फेकतो की विचारू नका.

गेले तीन दिवस केंद्र ऐन दुपारी, एक्केचाळीस अंशांना, चाळीस टक्के आर्द्रता दाखवत होतं. माझ्या प्रोग्रामने ते आकडे बाद केले. नियम मीच लिहिला होता: उन्हाळ्यात खारडीत पस्तीसच्या वर आर्द्रता दिसली की सेन्सर बिघडला असं समजायचं. शनिवारी सकाळी मी मामाला फोन लावला.

"मामा, सेन्सर बदलावा लागेल. नवा तुझ्याकडे आहे ना?"

"आहे, बदलतो. पण एक सांगू? तीन दिवस झाले, माठातलं पाणी गार होत नाहीये. कूलरही नुसता दमट वारा टाकतोय."

"माठ जुना झाला असेल रे. छिद्रं बुजली असतील."

"असेल बाई. संध्याकाळी जाऊन येतो."

"संध्याकाळी नको. अडीचला बदल, मला भर उन्हातलाच आकडा हवाय. सोमवारी मीटिंग आहे माझी."

तो म्हणाला, "बरं, साहेब." सत्तरीचा माणूस, शेचाळीस वर्षं त्या उन्हात काढलेला, आणि मी त्याला वेळ ठरवून देत होते. दुपारी निघताना त्याने फोटो पाठवला. निळंभोर आकाश, आणि खाली एक ओळ: 'तुझे ढग सुट्टीवर गेलेत.'

इथे सिंगापूरला पाच वाजतात तेव्हा तिथे अडीच. पाचला पाच मिनिटं असताना आर्या खाली खेळून घामाघूम होऊन हौगांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये शिरली आणि माठाकडे धावली. सेरंगून रोडवरच्या दुकानातून मी हौसेने आणलेला माठ. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं.

"आई, धिस पॉट युझलेस लाह! वॉटर नॉट कोल्ड!"

"अगं, माठ चांगला आहे. इथल्या हवेतच इतकी ओल असते की बाहेर पाझरलेलं पाणी वाळत नाही. वाळलं नाही तर गार कसं होणार..."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मामाचा माठही जुना झाला नव्हता, आणि सेन्सरही बिघडला नव्हता.

लॅपटॉप उघडून मी उपग्रहाचं ताजं चित्र पाहिलं. खारडीवर लख्ख ऊन होतं. पण दहा किलोमीटरवर, नदी जिथून निघते त्या टेकड्यांवर, एक पांढराशुभ्र ढग उभा होता. तासाभरापूर्वीच्या चित्रात तो नव्हता. मामाला फोन लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. पात्रात उतरलं की रेंज जाते, हे मला ठाऊक होतं. मग सरोजिनीमामीला लावला.

"हे कधीच गेले. का गं? इथे तर ऊन रणरणतंय."

"मामी, कुणाला तरी काठावर पाठवा. म्हणावं, हातातलं टाका आणि वर या. आत्ता!"

"रडतेस कशाला? शेजाऱ्यांना मोटारसायकलवर पाठवते. फोन ठेवू नकोस."

केंद्र दर दहा मिनिटांनी उपग्रहावरून आकडे पाठवतं. पाच वाजता सेन्सर क्रमांक तीन, आर्द्रता चाळीस, बाद. पाच दहाला क्रमांक बदलला. चार. म्हणजे मामा पोचला होता, खांबाशी उभा होता आणि आत्ताच त्याने स्क्रू आवळले होते. नव्या सेन्सरचा आकडाही चाळीसच. माझ्या प्रोग्रामने तोही बाद केला.

पुढची दहा मिनिटं मी देवाचं नाव घेत बसले. एरवी घेत नाही.

पाच वीस. तापमान एकदम एकोणतीसवर. वारा फिरला होता आणि टेकड्यांकडून येत होता. आर्द्रता एक्क्याऐंशी, बाद.

"मामी, कुणी पोचलं का?"

"गाडी सुरूच होत नव्हती, आत्ता कुठे निघाले गं." मग ती दाराबाहेर आली. "इथे एक थेंबही नाही. पण नदीकडून कसला तरी आवाज येतोय. ट्रक यावेत तसा."

पाच तीसला आकडे आले नाहीत. पाच चाळीसलाही नाहीत. मामीचा फोन चालूच होता, पण ती आता माझ्याशी बोलत नव्हती, मामाला हाका मारत रस्त्याने धावत होती. आर्या पेला हातात धरून माझ्याकडे बघत उभी होती.

पाच एक्केचाळीसला मला प्रोग्रामचा मेल आला. केंद्र गप्प झालं की तो आपोआप येतो, आणि त्याचा मजकूरही मीच लिहिलेला आहे.

'खारडी केंद्र बंद. कुणाला तरी ताबडतोब पात्रात पाठवा.'