पंखांवरची हळद

मित्रांनो, उडणं माझं केव्हाच संपलं. आता सांगणं तेवढं उरलं आहे. मी एक जुना, पेंढा भरलेला शिंजीर आहे. घाटकोपरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचपेटीत बसून असतो. खिडकीबाहेर तुमचे इथले शिंजीर जास्वंदीवर नाचतात, पण मी त्यांच्यातला नव्हे.

माझा जन्म आफ्रिकेत, केनियाच्या थंड डोंगरांत झाला. तुमच्या आरे कॉलनीत रस्त्याकडेला दीपमाळेचं रान माजतं ना, तीच नारिंगी फुलं आमचं जेवणघर. माझी चोच कोयत्यासारखी वाकडी, त्या फुलात नेमकी बसणारी. या चोचीपायी शास्त्रज्ञांमध्येसुद्धा जुंपली. काहींनी शिंजिरांच्या कुळातच आम्हाला वेगळी चूल मांडून दिली, काहींनी इतरांच्या पंगतीत बसवलं. पंखांच्या पिवळ्याधमक कडांबद्दल मात्र दुमत नव्हतं. त्यांच्यावरूनच आम्ही सोनपंखी.

नैरोबीहून परतलेल्या एका कुटुंबाने मला शाळेला दिलं. इथे कुणीतरी 'जांभळा शिंजीर' अशी पाटी लावून मोकळं झालं. पुढे धूळ साचली. माझी विचारपूस करायचे ते फक्त शिपाई लवूकाका. दर खंडेनवमीला ते सूक्ष्मदर्शकाला, तराजूला आणि मला हळदकुंकू लावायचे, झेंडू वाहायचे.

यंदा प्रयोगशाळा मोडायचं ठरलं. आमची रवानगी भंगारात. तेवढ्यात मुख्याध्यापिका मॅडमना भेटायला तेजल आली. शाळेची जुनी विद्यार्थिनी, आता पक्ष्यांचा अभ्यास करते. काचेला नाक लावून ती ओरडलीच, "मॅडम, हा आपल्याकडचा नाहीच! सोनपंखी आहे हा, पंख बघा ना!"

सोमवारी संग्रहालयाच्या साहेबांना घेऊन येते, म्हणाली. पंख शाबूत असतील तर ते मला नेणार होते. तिथल्या कपाटात कीड लागत नाही म्हणे. मित्रांनो, कितीतरी वर्षांनी मला आशा वाटली!

लवूकाकांना एवढंच कळलं, की पाहुणे येणार. तेजलचं बाकीचं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच नव्हतं. त्यांनी मला पेटीतून काढलं आणि ओल्या फडक्याने पंख घासायला घेतले. जुनी पिसं ती, फडक्याबरोबर निघत गेली. पिवळं दिसेनासं होईपर्यंत काका घासत राहिले. मला ओरडता आलं नाही.

सोमवारी साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवलं. "चोच तीच वाटते, पण पंखांची पार वाट लागलीय. असा नमुना आम्हाला घेता येणार नाही."

"काका, हे काय केलंत हो!" तेजल कळवळून म्हणाली.

"माका वाटला, माझीच हळद बसलीहा," लवूकाका पुटपुटले. "पावणे येतले म्हणान पुसलंय."

तेजलने मला पुन्हा काचपेटीत ठेवलं. भंगारवाला शनिवारी येणार आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या वस्तूंना जीव लावा, पण आधी त्या कोण, कुठल्या, याची चौकशी करा. आणि लवूकाकांना बोल लावू नका. इतक्या वर्षांत मला मायेने हात लावणारे ते एकटेच होते.