शेवटच्या रांगेतलं पाणी

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आईला पाण्याच्या तुषारांतून होणारा न्युमोनिया झाला त्या दिवशी मी धाकट्या भावाला फोनवर सुनावलं, "हे तुझ्या तलावाचंच काम! वॉर्डात पाऊल टाकलंस तर बघ." व्यायामाच्या गरम पाण्याच्या तलावाची देखभाल तो करतो, आई गुडघ्यांसाठी तिथे जायची. तलाव लोकांसाठी बंद झाला. जंतू जुळले तर त्याची नोकरी गेलीच.

जुळवायचं काम आमच्या प्रयोगशाळेचं, म्हणजे माझंच. आईच्या कफातला जंतू, तलावातला, तिथल्या शॉवरमधला. प्रत्येकाच्या आतला डीएनएचा धागा कापून जेलीच्या पट्टीवर पळवायचा; एकाच वंशाचे असले तर रेघा हुबेहूब उमटतात. आमची एक जुनी रीत आहे: शेवटच्या रांगेत कुणाच्या तरी घरचं पाणी, उगाच आपलं तुलनेला. या वेळी माझ्या घरचं होतं.

थाळ्यांवर जंतू उगवून पट्टी तयार होईपर्यंत बारा दिवस मी जागी होते की झोपेत, कुणास ठाऊक. नळ सोडला की त्यातून आईचा खोकला ऐकू यायचा. थाळीवर जंतूंचे राखाडी ठिपके दिसले तेही स्वप्नातच दिसल्यासारखे.

बाराव्या दिवशी दुपारी पट्टीचा फोटो दिव्यावर धरला. रेघा पाण्याखाली असल्यासारख्या हलत होत्या. तलावाच्या भलत्याच. शॉवरच्या तिसऱ्याच. मग शेवटची रांग. अगं बाई! आईच्याच रेघा, तेच अंतर, तीच जाडी. रांगांचे आकडे पुन्हा वाचले, तिसऱ्यांदा वाचले. आईला चटका बसू नये म्हणून घरच्या गीझरचा काटा मीच खाली केला होता, याच हाताने.

धाकटा रिकाम्या तलावाच्या काठावर फरशी घासत होता. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता लाव बाबा बोल, तोंड भरून लाव.

"कोमट?" तो म्हणाला. "ताई, साठवलेलं पाणी एकतर गार ठेवायचं, नाहीतर कडकडीत. कोमटात जंतू वाढतात, त्यात औषध घालावं लागतं, मी रोज घालतो ते. मला विचारायचं तरी."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्याने घासणी खाली ठेवून हात पुसले.

"आई कशी आहे?"

बारा दिवस हेसुद्धा मी त्याला कळू दिलं नव्हतं.

"रोज दाराकडे बघत असते," मी म्हणाले. "चल, चप्पल घाल."